देशनिहाय डोमेन नावांची खरेदी-विक्री : बेळगाव सीमाभागातील वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टिळकवाडीतील माझ्या छोट्या कार्यालयात संकेतस्थळ करून घेण्यासाठी येणारी मंडळी उठता उठता एक प्रश्न हमखास विचारतात : चांगली डोमेन नावे, म्हणजे संकेतस्थळांचे पत्ते, आताच घेऊन ठेवली, तर पुढे जास्त दराने विकता येतील का? निपाणी, खानापूर आणि चिकोडी भागातूनही याच अर्थाचे फोन येत असल्याने नेहमीच्या शंका आणि त्यांवरील माझी उत्तरे येथे एकत्र लिहून ठेवली आहेत. मी स्वतः अशी काही नावे विकली आहेत आणि त्याहून कितीतरी जास्त नावे नूतनीकरण न करता सोडून दिली आहेत, हे वाचकाने आधीच ध्यानात घ्यावे.

देशनिहाय डोमेन म्हणजे नेमके काय?

संकेतस्थळाच्या पत्त्यातील शेवटच्या टिंबानंतर दोन अक्षरे असतील, तर तो पत्ता बहुधा एखाद्या देशाच्या किंवा प्रदेशाच्या नावाखाली येतो. ही दोन अक्षरे कोणी मनाने ठरवत नाही. ती देशांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणित संक्षेपांच्या यादीतून घेतली जातात. भारताचे ‘डॉट इन’ १९८९ मध्ये अस्तित्वात आले, मात्र ते सर्वांसाठी खऱ्या अर्थाने खुले झाले २००५ मध्ये, जेव्हा त्याचा कारभार ‘निक्सी’ या ना-नफा संस्थेकडे आला आणि नोंदणीचे नियम सैल झाले. ‘डॉट सीओ डॉट इन’ हे त्याचेच उपविभागातील रूप आहे आणि तेही कोणालाही घेता येते. ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘डॉट एसी डॉट इन’ मात्र अनुक्रमे शासन आणि शिक्षणसंस्थांसाठी राखीव आहेत. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’वर जाण्यास सांगितले, तेव्हा एका परिचिताने त्यात नाव मिळेल का म्हणून विचारणा केली होती. ते केवळ बँकांसाठी आहे आणि त्यात गुंतवणुकीला वाव नाही.

एकदा पैसे भरले की नाव आपल्या मालकीचे होते का?

होत नाही, आणि या सबंध धंद्यातील बहुतेक निराशा याच गैरसमजातून जन्माला येते. आपल्याकडे पैसा शिल्लक राहिला की गुंठाभर जागा घेण्याची सवय असल्याने डोमेनलाही ‘ऑनलाइन प्लॉट’ म्हटले जाते. पण जागेचा उतारा आपल्या नावावर आला की दरवर्षी ती जागा नव्याने विकत घ्यावी लागत नाही. कॅम्पातील लीजच्या बंगल्यांचे व्यवहार ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना डोमेनचे स्वरूप लवकर उमगेल : वापरण्याचा हक्क आपला असतो, तो दुसऱ्याला देताही येतो, पण जमीन दुसऱ्याची आणि अटीही त्याच्याच. ‘डॉट इन’ नाव एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदवता येते. त्यानंतर पुन्हा पैसे भरावे लागतात, आणि तेही त्या वेळी जो दर असेल त्या दराने.

परदेशी नावे बेळगावात बसून घेता येतात का?

काही येतात, काही येत नाहीत. कोलंबियाचे ‘डॉट सीओ’, माँटेनिग्रोचे ‘डॉट एमई’, तुवालूचे ‘डॉट टीव्ही’ आणि अँग्विलाचे ‘डॉट एआय’ ही जगभरातील कोणालाही मिळतात; कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका यांची नावे घेण्यासाठी त्या देशाशी नागरिकत्वाचा, वास्तव्याचा किंवा व्यवसायाचा संबंध दाखवावा लागतो. नेपाळ आपल्या नागरिकांना ‘डॉट कॉम डॉट एनपी’ विनामूल्य देतो, त्यामुळे तेथे पुनर्विक्रीच्या बाजाराचा पायाच उभा राहत नाही. परदेशातील नातेवाइकाच्या नावावर नोंदवून विक्री आपण करायची, अशी युक्ती काही जण सुचवतात. ती करू नये, कारण कागदोपत्री हक्क त्या नातेवाइकाचा राहतो आणि नाव चुकून महागात विकले गेलेच, तर नाते टिकेल याची हमी नाही.

अँग्विला हे कॅरिबियन समुद्रातील जेमतेम सोळा हजार वस्तीचे बेट आहे, पण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इंग्रजी संक्षेपाशी त्याची दोन अक्षरे जुळली आणि नोंदणी शुल्क हा तेथील सरकारच्या महसुलाचा मोठा भाग बनला. हे उदाहरण ऐकून अनेकांना हुरूप येतो. तो येण्यापूर्वी हे पाहावे की ‘डॉट एआय’ची नोंदणी किमान दोन वर्षांची असते, तिचा दर ‘डॉट इन’च्या कैक पट असतो, आणि सुचण्यासारखे शब्द केव्हाच संपलेले आहेत. या लाटेत हमखास पैसा मिळाला तो बेटाला; नावे घेणाऱ्यांपैकी थोड्यांनाच मिळाला.

ज्या देशाचे नाव घेतले तो देशच बदलला तर काय?

गावाचे नाव सरकारी आदेशाने बदललेले आपण पाहिले असल्याने हा प्रश्न आपल्याकडे गंभीरपणे विचारला जातो, याचे मला नवल वाटत नाही. देशाचा संक्षेप प्रमाणित यादीतून गेला की त्याचे डोमेनही यथावकाश जाते. युगोस्लाव्हिया विसर्जित झाल्यावर ‘डॉट वाययू’ २०१० मध्ये बंद झाले आणि सर्बिया व माँटेनिग्रो यांना स्वतंत्र अक्षरे मिळाली. उलट सोव्हिएत संघ १९९१ मध्ये संपला, तरी त्याचे ‘डॉट एसयू’ त्यानंतरही अनेक दशके चालत राहिले, म्हणजे नियमालाही अपवाद निघतात. संगणक क्षेत्रातील कंपन्यांना प्रिय असलेले ‘डॉट आयओ’ हे ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचे आहे. त्यातील चागोस बेटे मॉरिशसला सोपवण्याच्या करारावर मे २०२५ मध्ये सह्या झाल्या, आणि या अक्षरांच्या भवितव्याची चर्चा सुरू आहे.

देश जागेवर राहूनही हक्क जाऊ शकतो. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तेथील रहिवाशांची आणि कंपन्यांची ‘डॉट ईयू’ नावे, पात्रतेचा दुसरा आधार नसल्यास, १ जानेवारी २०२१ पासून स्थगित झाली. त्या नावधारकांची स्वतःची काहीही चूक नव्हती.

बेळगावच्या नावाचे कोणते स्पेलिंग घ्यावे?

या प्रश्नावर मी स्वतः पैसे घालवले असल्याने सविस्तर लिहितो. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक सरकारने बारा शहरांची नावे बदलली आणि ‘बेलगाम’ या इंग्रजी रूपाच्या जागी कागदोपत्री ‘बेळगावी’ आले. मराठी माणूस पूर्वीही बेळगाव म्हणत होता आणि आजही म्हणतो. परिणामी रोमन लिपीत एकाच गावासाठी किमान तीन रूपे फिरतात : ‘यूएम’ने संपणारे जुने, ‘व्हीआय’ने संपणारे सरकारी, आणि मराठी उच्चाराला धरून केलेले, ज्यातही कोणी शेवटी ‘व्ही’ लिहितो तर कोणी ‘ओएन’. आपला ‘ळ’ रोमन लिपीत नाहीच, हे आणखी वेगळे.

२०१५ मध्ये एका मिठाईच्या शब्दाला जोडून मी या तीनही रूपांची ‘डॉट इन’ नावे नोंदवली. कुंदा करणाऱ्या एका दुकानदाराकडे गेलो, तेव्हा काउंटरमागे उभ्याने पुडा बांधता बांधता त्यांनी सर्व ऐकून घेतले, सुतळीची गाठ मारली आणि म्हणाले, “तिन्ही घेतली तर तुम्ही पैसे एकाचेच घेणार की तिन्हींचे? आणि गिऱ्हाईक चौथ्या स्पेलिंगने गेले तर?” मजजवळ उत्तर नव्हते. शेवटी सरकारी रूपाचे नाव दुसऱ्या एका तरुण व्यावसायिकाने घेतले, कारण त्याचा परवाना, नकाशावरील पत्ता आणि बिलबुक सगळीकडे तेच रूप होते. जुन्या रूपाला मागणी राहते ती प्रामुख्याने दोन-तीन पिढ्या चाललेल्या आणि बाहेरगावी, परदेशी माल पाठवणाऱ्या व्यवसायांकडून, ज्यांच्या लेटरहेडवर ते पूर्वीपासून छापलेले आहे. मराठी उच्चाराचे रूप मी मनाने सर्वांत जवळचे मानतो, पण विक्रीच्या दृष्टीने तेच सर्वांत मंद ठरले.

शेजारच्या गावांबाबतही असेच भान हवे. निपाणी एका ‘पी’ने लिहितात आणि दोन ‘पी’नेही. खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात आहे तसाच सांगली जिल्ह्यातही आहे. शहापूर म्हटल्यावर आपल्याला साड्यांची पेठ आठवते, पण ठाण्याच्या माणसाला त्याचा तालुका आठवतो आणि यादगिरीच्या माणसाला त्याचा. नाव दोन-तीन ठिकाणी लागू पडत असेल, तर गिऱ्हाइके वाढतात असा हिशेब वरवर मांडता येतो. प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणचा दुकानदार ‘हे आमचे वाटत नाही’ म्हणून मागे सरतो.

मराठीत, देवनागरी लिपीत डोमेन घेऊन ठेवावे का?

‘डॉट भारत’ देवनागरीत ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाले आणि हिंदीबरोबर मराठी, कोकणी, नेपाळी इत्यादी भाषांना तेच लागू आहे. कन्नड लिपीतील ‘भारत’ स्वतंत्र आहे. संगणक आतल्या आत या नावाचे ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरमालिकेत रूपांतर करतो आणि अनेक ठिकाणी, विशेषतः ईमेल पत्ता भरण्याच्या चौकटीत, ते नाव अजूनही स्वीकारले जात नाही. स्वतःच्या दुकानासाठी, हौस म्हणून, अभिमान म्हणून अवश्य घ्यावे. विकण्यासाठी घेण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण दुय्यम बाजारात याचे गिऱ्हाईक क्वचित भेटते. जाता जाता एक गंमत : दुकानाच्या पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला देऊन उरलेल्या जागेत मराठी बसवता येते, पण ‘डॉट भारत’च्या एका नावात दोन लिपी मिसळता येत नाहीत. तेथे एकच निवडावी लागते.

विकले जाण्याजोगे नाव कसे ओळखावे?

खडेबाजारात गर्दीच्या वेळी उभे राहून ते नाव फोनवर एकदाच सांगावे आणि पलीकडच्या माणसाने न विचारता बरोबर लिहिले का ते पाहावे. मध्ये आडवी रेघ, अंक किंवा दुहेरी अक्षर असेल, तर ही परीक्षा बहुधा फसते. त्यानंतरचा प्रश्न असा, की आज या नावाने किंवा या व्यवसायात निदान वीस-पंचवीस जण असे आहेत का, ज्यांना ते उपयोगी पडेल? उद्यमबागेतील फाउंड्री आणि मशीन शॉप, निपाणीचा तंबाखू, शहापूर-वडगावचे विणकाम यांतील रोजचे शब्द आपल्याला ठाऊक असतात आणि मुंबई-बंगळुरूच्या डोमेन दलालाला ते ठाऊक नसतात. सीमाभागातील माणसाची खरी जमेची बाजू एवढीच आहे. तिचा उपयोग सामान्य व्यवसायवाचक शब्द निवडण्यासाठी करावा.

नामांकित कंपनीचे नाव तिच्या आधी आपण नोंदवले तर ती मोठी रक्कम देईल का?

देणार नाही, नोटीस देईल. ‘डॉट इन’साठी २००५ पासून स्वतंत्र तंटानिवारण धोरण लागू आहे. आपले नाव तिच्या व्यापारचिन्हाशी (ट्रेडमार्कशी) सारखे अथवा गोंधळ होण्याइतके जवळचे आहे, त्यावर आपला कोणताही न्याय्य हक्क नाही आणि ते दुष्ट हेतूने नोंदवले किंवा वापरले आहे, हे तिन्ही मुद्दे कंपनीने सिद्ध केले की लवाद ते नाव तिच्याकडे वळते करण्याचा आदेश देऊ शकतो. आंतरराष्ट्रीय धोरणात दुष्ट हेतू नोंदणीच्या वेळी आणि वापरातही, दोन्हीकडे, दाखवावा लागतो. आपल्याकडे त्यांपैकी एक पुरे होतो. म्हणजे ‘डॉट इन’मध्ये नावधारकाची बाजू जरा अधिकच नाजूक आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असे स्पष्ट केले आहे.

आपल्या भागात याहून बारीक पेच संभवतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेला भौगोलिक निर्देशांक (जीआय) महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून आहे आणि त्यांत बेळगाव जिल्हा येतो. त्यामुळे अथणीच्या कारागिराला ते नाव वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून पुढे येता येते. पण ज्याने कधी चप्पल केली नाही किंवा विकली नाही, अशा माणसाने त्या शब्दाचे डोमेन केवळ विक्रीसाठी अडवून ठेवले, तर न्याय्य हक्क कोणता, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते.

खर्च आणि नफ्याचा हिशेब कसा मांडावा?

वहीत मांडावा, मोबाइलमध्ये नव्हे. वहीचे पान समोर उघडे राहते. समजा आपल्याकडे साठ नावे आहेत आणि प्रत्येकाचे वार्षिक नूतनीकरण ८०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९४४ रुपये आहे. वर्षाला ५६,६४० रुपये गेले. विक्रीच्या मंचाचे कमिशन १५ टक्के धरल्यास वर्षात निदान एक नाव सुमारे ६६,७०० रुपयांना विकले गेले, तरच आपण आहोत तेथे राहतो. एवढ्या किमतीचे एक गिऱ्हाईक दर वर्षी मिळेल, असे छातीठोकपणे सांगणारा मला अजून भेटलेला नाही. पहिल्या वर्षी ९९ रुपयांत नाव मिळते, तेव्हा हे पान कोणी उघडत नाही. खरा दर दुसऱ्या वर्षाचा असतो.

माझ्याकडून एकदा याच्या उलट चूक झाली. एक बरे नाव आपोआप नूतनीकरणावर ठेवले होते. मधल्या काळात बँकेने कार्ड बदलून दिले, जुन्या कार्डावरून पैसे कापले गेले नाहीत आणि रजिस्ट्रारची, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीची, सूचना जाहिरातींच्या ईमेलमध्ये पडून राहिली. लक्षात आले तेव्हा सवलतीची मुदत उलटली होती आणि नाव परत मिळवण्याचे शुल्क नूतनीकरणाच्या कितीतरी पट सांगण्यात आले. दोन दिवस विचार करीत बसलो आणि मग हा धंदा आपण गुंतवणूक म्हणून करतो की हट्ट म्हणून, हे न ठरवताच ते नाव सोडून दिले. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वहीतील तारखा स्वतः तपासतो.

गिऱ्हाईक कसे शोधावे?

त्या पत्त्यावर ‘हे नाव विक्रीस आहे’ एवढे साधे पान आणि संपर्काची सोय ठेवावी, तसेच एक-दोन मोठ्या विक्री मंचांवर किमतीसह यादी द्यावी. दुकानोदुकानी जाऊन विचारण्यात गैर काही नाही. मात्र ज्याचे व्यापारचिन्ह आहे त्यालाच ‘घ्या, नाहीतर दुसऱ्याला देतो’ असे लिहून पाठवले, तर तेच पत्र पुढे आपल्याविरुद्ध दुष्ट हेतूचा पुरावा म्हणून जोडले जाते. किंमत सांगताना समोरच्याच्या पाटीचा किंवा जाहिरातीचा खर्च डोळ्यांपुढे ठेवावा. जो माणूस फ्लेक्ससाठी पाच हजार देताना घासाघीस करतो, तो डोमेनला पन्नास हजार देणार नाही.

जाहिराती लावून तोवर भाडे मिळवता येते का?

मिळते, पण ज्या नावांवर लोक आपणहून येत नाहीत त्यांवर नूतनीकरणाचेही पैसे निघत नाहीत.

व्यवहार करताना फसवणूक कशी टाळावी?

रक्कम मोठी असेल तर एस्क्रो सेवेमार्फतच, म्हणजे नाव हाती येईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या मध्यस्थामार्फतच, व्यवहार करावा. पैसे मध्यस्थाकडे जमा झाल्याची खात्री झाल्यावरच हस्तांतराचा ऑथ कोड द्यावा, कारण तो कोड हातात पडला की नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येते. ‘आपले नाव फार मोठ्या किमतीला घेतो, फक्त अमुक ठिकाणचे मूल्यांकन प्रमाणपत्र आणा’ असे सांगणारा खरेदीदार बहुतेक वेळा प्रमाणपत्राचे शुल्क उकळण्यासाठीच आलेला असतो. परदेशातील कोणी कंपनी तुमचेच नाव दुसऱ्या देशाच्या अक्षरांत नोंदवत आहे, लवकर घ्या, असा ईमेलही याच जातीचा. नोंदणीत नाव, पत्ता आणि फोन खरे द्यावेत. खोट्या माहितीवरून नाव रद्द होऊ शकते.

कर लागतो का?

लागतो. नियमित खरेदी-विक्री असेल तर ते धंद्याचे उत्पन्न ठरते. एखादेच नाव वर्षानुवर्षे ठेवून विकले असेल तर भांडवली नफ्याचा विचार होऊ शकतो. परदेशातून रक्कम आली तर बँक पर्पज कोड, म्हणजे रक्कम कशासाठी आली त्याचा संकेतांक, विचारते, तेव्हा विक्रीचा करार आणि पावती हाताशी असावी. आपल्या सीएला पहिली विक्री होण्याआधी भेटावे. विक्री झाल्यावर भेटणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्याजवळ खरेदीच्या पावत्या नसतात.

नावधारकाचे निधन झाल्यास नावे कोणाकडे जातात?

कायद्याने वारसांकडे जावीत, पण तेथवर पोहोचण्याची वाट रजिस्ट्रारच्या खात्यातून, त्या खात्याच्या ईमेलमधून आणि ओटीपी येणाऱ्या सिमकार्डातून जाते. गेल्या वर्षी खानापूर तालुक्यातील एक तरुण वडिलांची डायरी घेऊन माझ्याकडे आला होता. तिच्यात एकोणीस नावे सुबक अक्षरांत लिहिलेली होती, पुढे खरेदीची तारीख आणि रक्कम होती, आणि रीचार्ज न केल्याने वडिलांचा मोबाइल क्रमांक तीन महिन्यांपूर्वीच बंद झाला होता. मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे पाठवून, दोनदा परत आलेला अर्ज तिसऱ्यांदा भरून खाते उघडले, तोवर त्यांतील चौदा नावांची मुदत संपून गेली होती. उरलेल्या पाचांपैकी एक वडिलांच्या किराणा दुकानाचे होते. ते त्याने दहा वर्षांसाठी भरले आणि बाकीची चार मला हवी असल्यास घ्या म्हणाला. मी ती घेतली नाहीत.